नळाची आरती

भागाबाई गेल्या पौषात गेली, म्हणून आता हे लिहायला हरकत नाही. ती असेपर्यंत तोंड उघडायचं नाही असं ज्योत्स्नानं मला बजावलं होतं. मी सीमाभागातल्या भालकीचा माणूस, गप्प बसणं आमच्या रक्तात नाही. तरी बसलो. त्या गप्प बसण्यानं माझं पचन आणि स्वभाव दोन्ही बिघडले. स्वभाव आधीपासूनच तसा होता असं घरचे म्हणतात, ते सोडा.

माझं नाव राघोबा. आमच्या भागातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत पाणी, रक्त, थुंकी आणि जेवताना ज्याचं नाव घेऊ नये ते सगळं तपासण्यात माझी उमर गेली. प्रयोगशाळा कुठली ते विचारू नका, पेन्शन अजून चालू आहे. ज्योत्स्ना माझ्या समोरच्या टेबलावर बसायची. पहिल्यांदा आली तेव्हा ती मला मुळीच आवडली नव्हती. हसायची कमी आणि हट्ट फार. बाटलीवरची चिठ्ठी तिरकी लागली तर मला, तिच्या बापाच्या वयाच्या माणसाला, ती काढून परत लावायला सांगायची. बाहेरून आलेल्या बाटल्यांवर तर तिचा काडीचाही विश्वास नसायचा.

"दुसऱ्यानं भरलेली बाटली म्हंजे दुसऱ्यानं सांगितलेली गोष्ट, अण्णा," ती म्हणायची. "आपुन जाऊन बघितल्याबिगर खरं मानायचं न्हाई."

ती संतपूरच्या पुढच्या शेंदळवाडीची, तिथल्या भीमनगरातली. बाप नागनाथ दुसऱ्यांच्या रानात तूर कापायला, सोयाबीन काढायला जायचा. ती शाळेत असतानाच तो गेला. आई भागाबाईनं तेच खुरपं उचललं आणि पोरीला शिकवलं. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी. या तिन्ही भाषांत ज्योत्स्नाला एकसारखं फटकळपणे 'नाही' म्हणता यायचं, आणि सरकारी नोकरीत एवढी एकच गोष्ट आली तरी माणसाचं वाटोळं व्हायला पुरते.

पाण्याचा नमुना घ्यायची तिची पद्धत बघण्यासारखी होती. तशी पद्धत पुस्तकातलीच, पण पुस्तकातलं करतो कोण? ती करायची. चिमट्यात कापसाचा बोळा धरायचा, स्पिरिटमध्ये बुडवून पेटवायचा आणि नळाच्या तोंडाला चांगला जाळ दाखवायचा. तोंडावरची घाण जळाली की नळ वाहू द्यायचा आणि मगच बाटली भरायची, म्हणजे पाइपातलं खरं पाणी मिळतं. खेड्यातल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. शेंदळवाडीत भागाबाईनं त्याला नावच देऊन टाकलं होतं, नळाची आरती. तिच्या लेखी पाण्याची तपासणी म्हणजे लेकीनं येऊन नळाला जाळ दाखवणं, बाकी प्रयोगशाळेत काय चालतं याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. "आमच्या ज्योत्स्नानं आरती केली, आता पाण्याला भ्यायचं काम न्हाई," असं ती गावभर सांगत हिंडायची.

मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तो असाच, तपासणीच्या निमित्तानं. भागाबाईनं सतरंजी टाकली, बसवलं, आणि मग दारात उभी राहून विचारलं, "पाणी घेताव का, अण्णा?" विचारलं आणि थांबली. ते थांबणं मला अजून आठवतं. वरच्या आळीतली माणसं या वस्तीत येतात, मतं मागतात, मजूर ठरवतात आणि पाणी विचारलं की म्हणतात, आत्ताच प्यालो. भागाबाईनं जन्मभर हे 'आत्ताच प्यालो' ऐकलं होतं. मी दोन तांबे प्यालो. पोटाला तडस लागली, पण प्यालो.

त्यानंतर मी कधीही गेलो की घरात पाण्याचा कॅन आणलेला असायचा. पंचायतीजवळ जंतू आणि क्षार काढून पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलेलं आहे, तिथला. घरातले सगळे नळाचं पाणी प्यायचे आणि पाहुण्याला कॅनचं. लेक पाण्याच्या हाफिसात, तेव्हा तिलाही कॅनचंच. ज्योत्स्ना चिडायची. "मला कामून येगळं? तुमी पेता तेच दे की." भागाबाई ऐकायची नाही. आलेल्या माणसाला आपल्या घरातलं सगळ्यात चांगलं पाणी द्यायचं, त्यात कमी पडायचं नाही, हा तिचा धर्म होता. धम्म म्हणा हवं तर.

त्या वर्षी बुद्ध पौर्णिमेला भीमनगरात खीर झाली. ऊन असं की पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले आणि वस्तीत उलटी-जुलाब सुरू झाले. आधी एका घरात, मग ओळीनं. आमच्याकडं फोन आला तेव्हा माणसं दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपवायची वेळ आली होती.

साथीचा फोन आला की प्रयोगशाळेत काय होतं ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं. घंटा वाजत नाही, पळापळ होत नाही. बर्फाची पेटी भरायची, तळाशी क्लोरीन मारायची पांढरी पूड असलेल्या निर्जंतुक बाटल्या मोजून घ्यायच्या, आजाऱ्यांच्या नमुन्यांसाठी नळ्या घ्यायच्या आणि गाडी काढायची. रोगी बरा करणं आमच्या हातात नसतं. रोग कुठून आला ते दाखवणं असतं. आम्ही बोट दाखवू तिकडं टँकर जातो, तिकडं पाइप खणतात. भलतीकडं बोट दाखवलं तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

ज्योत्स्नानं पेटी भरली. घरी फोन करून भावजयीला, म्हणजे भाऊ राजपालच्या बायकोला, सांगितलं, "दीपमाला, पाणी उकळल्याबिगर कुणाला द्यायचं न्हाई. मी यायलेय." ती जीपकडं निघाली तेवढ्यात मोठे साहेब खाली आले.

"तुमचं गाव ना ते?" साहेबांनी विचारलं. "मग तुम्ही जायचं नाही. उद्या लोक म्हणतील, आपल्या वस्तीला टँकर मिळावा म्हणून पाणी खराब दाखवलं."

असं कुणीही म्हणालं नव्हतं. म्हणण्याआधीच साहेबांना ऐकू आलं. साहेबांच्या मुलाचं लग्न होतं तेव्हा निम्मं ऑफिस हॉल सजवायला गेलं होतं, तेव्हा लोक काय म्हणतील ते त्यांना ऐकू आलं नव्हतं. ज्योत्स्ना वाद घालू लागली तर म्हणाले, हा हुकूम समजा. पेटी त्या भागाचा आरोग्य निरीक्षक सिद्धेश्वर याच्या हातात गेली. ज्योत्स्नानं त्याला जीपपर्यंत जाऊन समजावलं, कापूस कुठं आहे, जाळ किती वेळ दाखवायचा, नळ किती वेळ वाहू द्यायचा. तो गाडीत बसता बसता म्हणत होता, "गोत्तु अक्का, गोत्तु." म्हणजे ठाऊक आहे, ठाऊक आहे. जीप जनवाड्याच्या रस्त्याला लागली आणि ज्योत्स्ना फाटकात उभी राहिली. मी म्हणालो, चल आत, ऊन आहे. ती म्हणाली, "आई वाट बघायली आसंल."

दुपार कलताना सिद्धेश्वर परत आला. आजाऱ्यांच्या नळ्या आणल्या, पाण्याच्या बाटल्या आणल्या. भीमनगरची बाटली काठोकाठ भरलेली, चिठ्ठी सरळ लावलेली. "नळाचं ना?" ज्योत्स्नानं विचारलं. "मत्त्यान?" तो म्हणाला. मग काय तर.

आम्ही कामाला लागलो. दुसऱ्या दिवशी आजाऱ्यांच्या नमुन्यांच्या ताटल्यांत पिवळे ठिपके उठले. कॉलरा. साहेबांचा फोन वाजायचा थांबेना. आता सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती, आला कुठून? पाण्याच्या चाचणीत घाण असेल तर बाटली काळी पडते. भीमनगरची बाटली काळी पडली नाही. तिची जंतूंची ताटलीही कोरी राहिली. घाई नसती तर आम्ही पाण्यातले क्षारही मोजले असते आणि तिथंच काहीतरी कळलं असतं, पण साथीत क्षार कोण मोजतं? जंतू आहेत की नाहीत एवढंच बघतात.

ज्योत्स्ना ती ताटली उजेडाकडं धरून किती तरी वेळ बसली होती.

"अण्णा, पाणी लईच चांगलं आलंय."

"चांगलं आलं तर रडायलीस कामून?"

"आमच्या नळाला आसलं पाणी कवा आलंतं?"

ती साहेबांकडं गेली. मीही मागोमाग गेलो, कारण तिचा आवाज चढला की मला जवळ राहावं लागायचं. तिनं सांगितलं, नमुना परत घ्यायला पाहिजे, आज जाते, उद्या सांगते, तोपर्यंत वस्तीत पाठवलेला टँकर राहू दे. साहेब म्हणाले, वरचे दोन तास झाले वाट बघतायत. मग त्यांनी तिच्याकडं बघून गोड हसून विचारलं, "बाटलीत जे आहे तेच लिहायचं, असं तुम्हीच सगळ्यांना शिकवता ना? मग आज बाटलीत नाही ते लिहायचं म्हणता?"

माझ्याकडं याला उत्तर होतं, पण ते सरकारी कचेरीत बोलण्यासारखं नव्हतं. ज्योत्स्नानं सही केली. पाणी पिण्यास योग्य.

पुढचं भराभर झालं. पाणी चांगलं, मग दोष खिरीचा. पेपरात आलं, खिरीमुळं साथ. म्हणजे आजारीही तेच आणि गुन्हेगारही तेच. खिरीचं पातेलं केव्हाच धुऊन पालथं घातलेलं, त्यामुळं खिरीला आपली बाजू मांडता आली नाही. भीमनगरात उभा असलेला टँकर दुसरीकडं पाठवला. आणि आरोग्यवाल्या बायकांनी दारोदार जाऊन सांगितलं, नळाचं पाणी प्या, काही नाही त्याला.

दीपमाला तोपर्यंत रोज पातेलंभर पाणी उकळत होती. तिनं चूल विझवली. शेजारणीनं विचारलं तर म्हणाली, "आमच्या नणंदबाईचाच रिपोर्ट हाय की. आता भ्यायचं कशाला?"

पुढच्या आठवड्यात दीपमालाला दवाखान्यात आणलं तेव्हा तिचे डोळे आत गेले होते आणि आवाज बसला होता. राजपाल तिला उचलून आत गेला. ज्योत्स्ना दवाखान्यात तिच्या उशाशी बसून राहिली. सलाईनवर सलाईन लावल्या, पण फार उशीर झाला होता. राजपालच्या लहान लेकीला आईचा चेहरा दाखवायलाही कुणी आणलं नाही, रोग लागेल म्हणून.

माती दिली त्या दिवशी मी शेंदळवाडीला गेलो. सगळं आटोपल्यावर ज्योत्स्ना काही न बोलता उठली, पिशवीतून बाटली, चिमटा, कापूस काढला आणि दारासमोरच्या नळाकडं गेली. तिला आता कोण अडवणार होतं? तिनं कापूस पेटवला. भागाबाई उंबऱ्यात बसली होती, तिनं माझ्यापुढं तांब्या सरकवला.

"प्या, अण्णा. कॅनचं हाय," ती म्हणाली. मग लेकीच्या पाठीकडं बघत म्हणाली, "त्या दिशीबी आणून ठिवलंतं मी. ज्योत्स्ना येणार म्हणून. पर ही आलीच न्हाई. तो जीपवाला वेशीपाशीच थांबला, वस्तीत यायनाच. तिथूनच बोंबलला, ज्योत्स्नाताईच्या हाफिसात पाणी पाठवायचंय, बाटली भरून आणा. बाया नळाचं भरायल्या, मी म्हणलं, गप बसा, माझ्या लेकीच्या हाफिसात नळाचं पाणी जाईल व्हय? बाटलीत तळाला काय तरी पांढरं पडलंतं, ते कॅनच्याच पाण्यानं घासून घासून धुतलं, आन् हिच्यासाठी ठिवलेलं चांगलं पाणी भरून दिलं. म्हणलं ही आली न्हाई, तर पाणी तरी तिच्यापतूर जाऊ दे."

ज्योत्स्ना नळापाशी तशीच उभी होती. कापूस चिमट्यापर्यंत जळत आला. मी तिचं तोंड बघितलं आणि मला वाटलं, आता ही किंचाळणार. मी तांब्या खाली ठेवला.

"चांगलं केलंस, आई," ती म्हणाली.

मग तिनं नळ सोडला, वाहू दिला, बाटली भरली. दुसऱ्या दिवशी ती बाटली काळीकुट्ट पडली. पाइप खणला तर गटाराच्या आतून गेलेला आणि सांध्यापाशी फुटलेला निघाला. वरातीमागून घोडे म्हणतात तसा टँकर पुन्हा आला.

मग चौकशी. सिद्धेश्वरनं लिहून दिलं, बाटली मी स्वतः नळाला जाळ दाखवून भरली. वस्तीच्या वेशीत पाय न टाकलेला माणूस सरकारी कागदावर वस्तीतल्या नळाला आरती करून आला. त्याचं खोटं पाडायला वेशीवरच्या बाया होत्या, पण कुणालाही बोलावलं तरी धागा बाटली भरणारीपाशीच, भागाबाईपाशीच, जाणार होता. मी ज्योत्स्नाला जिन्यात गाठलं.

"आईला घेऊन ये. सांगू दे तिला, पाणी कुणी भरलं, कुठलं भरलं. दहा मिनिटांचं काम आहे."

"आन् मग?" ती म्हणाली. "आई इचारंल की, माझ्या पाण्यानं काय झालं म्हणून. काय सांगू तिला? तुझ्या पाण्यामुळं टँकर गेला? तुझ्या पाण्यामुळं दीपमालानं चूल इझवली?"

"तिचा काय दोष त्यात? त्या सिद्धेश्वरनं पाणी कशाला पाहिजे ते सांगितलं नाही..."

"ते तुमाला कळतंय, मला कळतंय. तिला कळणार न्हाई. ती मरंल, अण्णा. तुमी बी बोलायचं न्हाई. माझ्या आईच्या हातचं पाणी प्यालाव तुमी."

आत चौकशीला बसलेल्या तिघांपुढं तिनं एका वाक्यात सांगितलं, तपासणीत माझ्याकडून चूक झाली असावी. जी बाई माझी तिरकी चिठ्ठी खपवून घेत नव्हती, तिनं ही चूक कबूल केली आणि समोरच्या तिघांपैकी एकाच्याही भुवया वर गेल्या नाहीत. त्यांना तसंच वाटत होतं. मी त्या दिवशी घरी जाऊन ताट भिरकावलं, बायकोला कारण सांगता आलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी हे मी लहानपणापासून ऐकत होतो, पण संन्याशीण आपणहून दोर गळ्यात घालून घेते हे पहिल्यांदा बघितलं.

ज्योत्स्नाची बदली कलबुर्गी जिल्ह्याच्या पार टोकाला झाली, दोन बस बदलून जायचं. साहेबांना साथीच्या काळात तत्परता दाखवल्याबद्दल शाल आणि नारळ मिळाला. हार सिद्धेश्वरनं घातला. टाळ्या आम्ही सगळ्यांनी वाजवल्या.

दिवाळीनंतर भागाबाई अंथरुणाला खिळली असं कळलं, म्हणून भेटायला गेलो. रविवार होता, ज्योत्स्ना आलेली होती. वाळली होती. भीमनगरात नवा पाइप आला होता आणि नव्या टाकीवर कुणा-कुणाची नावं ठळक अक्षरांत रंगवली होती. राजपाल मला बघून उठला आणि बाहेर निघून गेला. बहिणीशी तो बोलत नव्हता. का बोलावं? त्याच्या दृष्टीनं बायको बहिणीच्या सहीनं मेली होती.

भागाबाईला कोरडा खोकला आला. ज्योत्स्नानं धावत जाऊन पाणी आणलं, आईच्या मानेखाली हात घातला आणि तांब्या तोंडाला लावायला गेली. भागाबाईनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"हिच्या हातचं नगं," ती म्हणाली. "नातीला म्हणा, आण."

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. 'आत्ताच प्यालो' ऐकत जिचा जन्म गेला, तिनं पोटच्या लेकीचं पाणी परत केलं होतं.

"असं करू नका," मी म्हणालो.

"कामून करू नगं? हिला पाण्यातलं काय कळतंय, अण्णा? गावात आली न्हाई, नळ बघितला न्हाई, आरती केली न्हाई, हाफिसात बसूनशान लिहिलं, पाणी चांगलं हाय म्हणून. माझी सून गेली. लेकराची माय गेली."

मी ज्योत्स्नाकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघून मान हलवली, नाही. तिनं तांब्या भाचीच्या हातात दिला. पोरगी आजीच्या उशाशी बसून घोट घोट पाजू लागली. भागाबाई सगळं पाणी प्याली. मग डोळे मिटून माझ्याशी बोलल्यासारखी म्हणाली, "मी तर घरातलं सगळ्यात चांगलं पाणी हिला पाठिवलंतं. हिनं त्याचं चीज केलं न्हाई."

"व्हय आई, चुकलं माझं," ज्योत्स्ना म्हणाली, आणि रिकामा तांब्या घासायला घेऊन गेली.